घरचे बेदाणे

आमच्या घरात चॉकलेट येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यानं त्यानं मला पहिला प्रश्न तोच विचारला. शेजारणीनं विचारला, शाळेतल्या टीचरनं विचारला, शाळेच्या रिक्षावाल्या काकांनीही सोडलं नाही. लहान मुलीचे दात किडले म्हटलं की आईकडे बघायची लोकांची एक ठरलेली नजर असते. त्या नजरेला मी एकच उत्तर द्यायचे, की आमच्याकडे बाहेरचं काही येत नाही. उत्तर खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

आमची द्राक्षाची बाग निफाड तालुक्यात, विंचूरपासून जवळच. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा तिच्या शाळेसाठी नाशकात आडगाव नाक्याजवळ फ्लॅट घेतला. ही आता आमच्याकडची रीतच आहे. बाग गावाला, शाळा नाशकात, आणि बायको शाळेबरोबर. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं अशीच. आठवडाभर बायका आणि पोरं, मग शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये पिकअप लागतात. आधी भाजीच्या पिशव्या, दुधाच्या किटल्या आणि बाजरीची गोणी जिना चढते, मागून नवरे चढतात. किटलीची चौकशी आधी होते, नवऱ्याची नंतर. त्यात कुणाला काही वाटत नाही.

या सगळ्यांत आमच्याकडे एक स्टीलचा डबा यायचा, घट्ट झाकणाचा. तो माझ्या सासऱ्यांचा. त्यांना घरात सगळे दादा म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे घरातली माया वाटायचं कामही दादांकडेच आलं आणि त्यांनी ते बागेसारखंच निगुतीनं केलं. नात झाली तेव्हा त्यांनी घरामागच्या दोन ओळी तिच्या म्हणून वेगळ्या काढल्या. त्या ओळींवर फवारणी नाही, औषध नाही. जे येईल ते येईल. त्या वेलींचे घड ते स्वतः तोडायचे, स्वतः धुवायचे, शेडमधल्या जाळीवर स्वतः पसरायचे. वाळले की एकेक बेदाणा हातानं देठातून सोडवायचा. व्यापाऱ्याला द्यायच्या मालाला त्यांनी इतक्या प्रेमानं कधी हात लावला नसेल. तोच माल वर्षभर आमच्या डब्यात.

"एक्सपोर्टवाल्यांना बी असला माल मिळत नाय," ते म्हणायचे. "माझ्या मायला बाजारचं काय द्यायचं नाय. घरचं खाऊ द्या. घरच्यानं काय होत नाय."

माय म्हणजे त्यांची नात. आमच्याकडे म्हातारी माणसं लेकी-नातींना माय म्हणतात.

मग काय, सकाळी बेदाणे भिजवून दुधात वाटून द्यायचे, रक्त वाढतं म्हणून. शाळेच्या फ्रॉकच्या खिशात मूठभर, मधल्या सुट्टीत बिस्किट नको म्हणून. दुपारी रडायला लागली की चार. टीव्हीसमोर चार. पोळी दुधात कुस्करून वर काकवी, तीही घरच्याच उसाची. झोपताना पुन्हा तेच दूध, बाटलीतून, कारण बाटली सोडवायला मला जमलं नव्हतं आणि कुणी सोडवाही म्हटलं नव्हतं. बिल्डिंगमधल्या बायका पोरांना दहा रुपयांची पाकिटं देत होत्या. मी त्यांच्याकडे जरा वरूनच बघायचे.

त्या दिवसांत माझं काय चाललं होतं ते सांगणं अवघड आहे. काहीच चाललं नव्हतं. कारण विचारू नका. काही घडलं असतं तर सांगता आलं असतं, लोकांनाही समजलं असतं. सासर वाईट नव्हतं, नवरा चांगला, पैसा पुरेसा. पण गावाकडून इथे आल्यावर हळूहळू मला काही वाटेनासं झालं. पोरगी हसली तर मी हसायचे, कारण हसायचं असतं. भांडी, कपडे, शाळा, पुन्हा भांडी. तिचं ताट मी वाढायचे, आणि स्वतः ओट्याशी उभ्यानं अर्धी पोळी खाल्ली न खाल्ली करून झाकून ठेवायचे. नवरा फोनवर विचारायचा, जेवलीस का? मी हो म्हणायचे. आजारी होते म्हणावं तर तापही नव्हता.

मुलगी घास गालात धरायला लागली ते याच काळात. आधी बेदाणेच धरायची. एक गाल फुगलेला, आणि ती आपली खेळतेय. दादांना त्याचं भारी कौतुक. "वानरावानी साठवून ठेवती बघा," म्हणून ते आल्या-गेल्याला दाखवायचे, आणि तीही गाल पुढे करून दाखवायची. मग भाकरीचा घासही गालात राहायला लागला. मग पोळीचा. तासाभरानं तोंड धुताना तो तसाच निघायचा, मऊ झालेला, न चावलेला. मी म्हटलं नखरे. नवरा म्हणाला नखरे. शेजारीण म्हणाली, एकुलती एक पोरं अशीच असतात. भाकरी नको तर वरण-भात, वरण-भात नको तर दूध-पोळी. काकवी घातली की जायची. जे जातंय ते जाऊ दे, पोटात काहीतरी पडलं पाहिजे, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं.

शाळेत वजन केलं तेव्हा ते कमी भरलं. मुलांचे डॉक्टर म्हणाले, अंगावर काही नाही हो हिच्या. त्यांनी रक्तवाढीचं औषध दिलं, तेही गोड. दादांना फोनवर हे कळलं आणि पुढच्या शनिवारी डबा दुप्पट आला.

दात तपकिरी दिसायला लागलेच होते. आम्ही म्हटलं, बोअरचं पाणी. आमच्याकडे दाताचं काहीही झालं की बोअरच्या पाण्यावर जातं. वरच्या पुढच्या दातांना हिरडीजवळ आधी पांढऱ्या रेघा होत्या, मग त्या मातीच्या रंगाच्या झाल्या. श्रावणातल्या एका सोमवारी तिनं पिकलेला पेरू चावला आणि पुढचा दात पेरूत राहिला. सगळा नाही, कपचा. रक्त आलं नाही. ती रडली नाही. तिनं पेरू माझ्या हातात दिला आणि बोटानं दाखवलं, हे बघ.

मी दादांना फोन केला. का केला कोण जाणे, नवऱ्याच्या आधी त्यांना केला.

"दुधाचं दात हायेत," ते म्हणाले. "आज ना उद्या पडायचेच हायेत. त्याचं काय इतकं."

मलाही तसंच वाटलं होतं. पण संध्याकाळी तिचा ओठ सुजला, म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला.

लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. भिंतीवर हात-पाय असलेला एक हसरा दात चिकटवलेला होता. त्यांनी मुलीला खुर्चीवर बसवून तोंडात उजेड टाकला आणि मला जवळ बोलावलं. मी वाकून बघितलं. रोज मी त्या तोंडात घास भरवत होते, पण असा उजेड टाकून कधी बघितलं नव्हतं. मागच्या दाढांना खड्डे. खड्डे म्हणजे अगदी भोकं, काळी. खालच्या एका दाढेच्या नुसत्या कडा उभ्या होत्या. मला घाबरायला हवं होतं. मी एवढंच म्हटलं, "हं."

"ही रात्री उठून रडत नव्हती?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"जेवताना?"

"नाही. कधीच नाही."

"इतकं झाल्यावर मोठी माणसंसुद्धा भिंतीवर डोकं आपटतात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मुलीकडे पुन्हा एकदा बघितलं. मुलगी भिंतीवरच्या दाताचे पाय मोजत होती.

मग त्यांनी विचारलं, दिवसभरात काय-काय खाते? मी सांगितलं. चॉकलेट नाही, थंड नाही, पाकिटातलं नाही, सगळं घरचं. त्या म्हणाल्या, काय खाते ते कळलं, आता कधी-कधी खाते ते सांगा. मी सकाळच्या दुधापासून सुरू केलं आणि सांगता-सांगता माझ्याच लक्षात आलं की मधे कुठे थांबायला जागाच नाही. डॉक्टर रागावल्या नाहीत. बेदाणा चांगलाच असतो, त्या म्हणाल्या, पण तो दाताला चिकटतो आणि त्याची साखर तासन् तास तिथेच बसून राहते. एखादे वेळी जेवणाबरोबर खाल्ला आणि चूळ भरली तर गोष्ट वेगळी. हिच्या तोंडाला दिवसातून उसंतच मिळत नाही. आणि रात्री बाटलीतलं दूध. वजनाचंही त्यांनी सांगितलं. दाढा दुखतात म्हणून भाकरी, भाजी, उसळ चावत नाही. चावत नाही म्हणून मऊ आणि गोड खाते. त्यानं अंगाला काही लागत नाही आणि दात मात्र आणखी जातात. आधी काय सुरू झालं ते शोधत बसू नका, त्या म्हणाल्या.

दुधाचे आहेत, पडणारच आहेत ना, असं मी विचारलंच. हा प्रश्न मी दादांच्या वतीनं विचारला असं मला वाटलं होतं. मागच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत राहतात, त्या म्हणाल्या. तोपर्यंत ही काय खाणार?

एवढ्या सगळ्या महिन्यांत तोच एक प्रश्न होता. पोरीनं खाल्लं पाहिजे. चार वर्षांच्या पोरीच्या मापाचे कपडे तिला पाच वर्षं उलटल्यावरही सैल व्हायचे.

दादांना सांगायचं कुणी, यावर आमचे तीन दिवस गेले. नवरा म्हणाला, तू सांग, तुझं ऐकतात. मी म्हटलं, बाप तुमचा. शेवटी त्यानं बागेत, दोघांच्या पाठीवर फवारणीचे पंप असताना, सांगून टाकलं. दादांनी पंप उतरवला म्हणे.

"आमी काय दगडं खाऊन मोठं झालो का?" त्यांनी विचारलं. "बेदाण्यानं दात किडायचे असते तं निफाड तालुक्यात कुणाच्या तोंडात दातच नसते राहिले. डॉक्टरला काय, धंदा करायचा हाय."

त्या शनिवारी डबा आला, भरलेला. मी तो डबा उघडला नाही. वरच्या फळीवर ठेवून दिला, आणि मुलगी खाली उभी राहून फळीकडे बघत राहिली. हातही पुढे केला नाही तिनं. मला तेव्हा वाईट वाटलं का, हे मी नंतर आठवून बघितलं. नाही वाटलं. बटण दाबावं आणि दिवा लागू नये तसं काहीतरी झालं होतं माझं.

दातांचं सगळं एकदमच करायचं ठरलं, पूर्ण भूल देऊन. छाटणी तोंडावर आली होती, तरी नवरा पहाटेच आला. बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यानं त्याची बोटं निळसर झालेली, ती कितीही धुतली तरी जात नाहीत. मुलीला आत नेताना तिनं त्याचं एक निळं बोट धरलं होतं. ते सिस्टरनं सोडवलं. दार लागल्यावर तो भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोपटायचं असतं म्हणून थोपटलं.

दादा मागून एस.टी.नं आले, कुणाला न सांगता. हातात डबा नव्हता. टोपी मांडीवर घेऊन ते बाकाच्या टोकाला बसले.

पुढचे चार आणि मागचे दोन, असे सहा दात काढावे लागले. उरलेल्या दाढा साफ करून त्यांवर स्टीलच्या टोप्या बसवल्या. काढलेले दात डॉक्टरांनी एका छोट्या वाटीत दाखवले. दादांनी वाटी हातात घेतली. एक दात बोटात धरून त्यांनी उलटा केला. आतून तो पोकळ होता, नुसतं कवच. बेदाणा दाबून बघतात तसा त्यांनी तो दोन बोटांत दाबला आणि तो फुटला. त्यांनी वाटी परत दिली.

"हे दुखत आसन ना," ते म्हणाले.

"हो आजोबा, खूप," डॉक्टर म्हणाल्या.

"मग सांगितलं कसं नाय तिनं?"

डॉक्टर म्हणाल्या, काही मुलं सांगत नाहीत. दादा म्हणाले, आजीवर गेली, सोशीक हाय. पण हे म्हणताना त्यांच्या आवाजात नेहमीचं कौतुक नव्हतं. मुलगी शुद्धीवर आली तेव्हा ते तिच्याजवळ गेलेच नाहीत. दाराशी उभे राहून बघत होते. तिचा ओठ इंजेक्शननं जड झालेला होता आणि तिला तो जाणवत नव्हता. चावेल, सांभाळा, असं सिस्टर म्हणाली, म्हणून संध्याकाळपर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. तेवढंच काम होतं.

त्यानंतर डबा आला नाही. शेंगा आल्या, अंडी आली, मूग, गाजरं. दादांनी कधी कबूल केलं नाही की आपलं चुकलं, आणि आम्हीही विषय काढला नाही. बाटली गेली. दोन्ही वेळा ब्रश, झोपताना मी स्वतः करायचे. गोड जे काही असेल ते जेवणाच्या ताटातच. डॉक्टर म्हणाल्या, आता हिला दुखायला काही उरलेलं नाही, खाईल.

पण ती खाईना. भाकरीचा तुकडा हातात घ्यायची, त्याच्याकडे बघायची आणि खाली ठेवायची. टोप्या बसवलेल्या दाढा आरशात बघून खूश व्हायची, शाळेत सगळ्यांना आ करून दाखवायची, पण त्यांनी चावायची नाही. पहिल्या पंधरवड्यात वजन आणखी थोडं उतरलं. मी पातळ खिचडी करत राहिले. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, सवय आहे, जाईल, मागे लागू नका. मी मागे लागले नाही. मागे लागायला अंगात काहीतरी असावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेलो. छाटणी उरकली होती आणि बाग नुसत्या काड्यांची उभी होती. दुपारी शेडमध्ये जेवायला बसलो, मी, नवरा, दादा आणि ती. पिठलं, बाजरीची भाकरी, कांदा. तिच्यासाठी मी वाटीत दूध-पोळी कुस्करून आणली होती. ती दादांच्या ताटाला खेटून बसली. त्यांनी भाकरीचा पापुद्रा काढला, कडक, आणि तिला न देता स्वतः खायला लागले. कुरकुर आवाज आला. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग ताटातला दुसरा तुकडा उचलला, बाजूच्या दाढांत धरला आणि चावला. थांबली. पुन्हा चावला.

दादांनी मानही वर केली नाही, फक्त ताट थोडं तिच्याकडे सरकवलं. तिनं तो तुकडा संपवला. दुसरा घेतला, पिठल्यात बुडवला. बाजरीची चतकोर भाकरी आमच्या पोरीनं चावून खाल्ली. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे ठेवला.

मग ती माझ्याकडे वळली. माझं ताट तसंच होतं, पिठल्याला साय धरली होती.

"मम्मी, माझं थांबलं," ती म्हणाली. "तुझं अजून थांबलं नाही का?"

"काय थांबलं नाही?"

"दुखायचं. जेवताना दुखतं ना सगळ्यांना, ते."

दादांचा हात ताटात थांबला. ती मला समजावून सांगत होती, शाळेत शिकलेलं सांगावं तसं. तुझं खूप दुखतं ना, म्हणून तू जेवत नाहीस. उभं राहून थोडंसंच खातेस. मी पण थोडंसंच खायचे. आता डॉक्टरकडे तू जा, भूल देतात, काही कळत नाही.

म्हणजे तिला वाटत होतं की जेवण हे असंच असतं. दात असले की दुखणारच, आणि सगळे ते सोसूनच जेवतात. मग सांगणार काय आणि कुणाला?

"नाही गं, मला नाही दुखत," मी म्हटलं.

तिनं विश्वास ठेवला नाही. भाकरीचा तुकडा मोडून तिनं माझ्या तोंडासमोर धरला. "मग मोठा घास घे," ती म्हणाली.

मी मोठा घास घेतला. ती माझ्या जबड्याकडे टक लावून बघत होती, मी तिच्याकडे बघायचे तशी. मी चावायला लागले आणि किती महिन्यांनी कोण जाणे, मला रडू आलं. आवरेना. घास तोंडात तसाच, तो गिळता येईना आणि रडणं थांबेना.

"बघा आजोबा," ती म्हणाली, "दुखतंय मम्मीला."